पेरलेला ग्रह

तो ग्रह खोटा होता, आणि हे अख्ख्या पृथ्वीवर एकट्या मीनल हिरेमठला माहीत होतं. म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या म्हणा ना.

जतच्या माळावरच्या नक्षत्रमापन केंद्राचं कॅन्टीन त्या दुपारी गच्च भरलं होतं. भिंतीवरच्या पडद्यावर, मिरजेच्या आपल्या घरून, तो ग्रह शोधणारा निरंजन ढवळे दिसत होता. डोक्यावरचे केस औषधांनी गेलेले, गळ्याभोवती बायकोनं गुंडाळलेला मफलर, आणि चेहऱ्यावर मात्र लग्न ठरलेल्या मुलाचं हसू. त्याच्या वतीनं आलेख समजावून सांगत होती अन्वी पाटोळे, त्याच्या हाताखाली तयार झालेली तरुण शास्त्रज्ञ. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती त्या केंद्रात सगळ्यांच्याच डोळ्यांखाली होती.

"सूर्यासारखा तारा," अन्वी सांगत होती, "आणि त्याच्याभोवती जवळजवळ वर्षाचा फेरा घेणारा ग्रह. पृथ्वीपेक्षा चारपाच पट जड. पृथ्वीचा थोरला भाऊच म्हणायचा."

"भाऊ कशावरून? बहीण असेल," निरंजन पडद्यावरून म्हणाला. सगळे हसले आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

हे लोक एकोणीस वर्षं एकाच कामाला जुंपलेले होते. त्यांचं 'वेध' नावाचं यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर राहून, सूर्याकडे पाठ करून, स्वतःभोवती सावकाश गिरक्या घेत आकाश मोजत आलं होतं. अंगठा डोळ्यांसमोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटला की अंगठा सरकल्यासारखा वाटतो. अंगठा जितका लांब तितका कमी सरकतो. वेधचं गणित तेच. पृथ्वीबरोबर यानही सूर्याभोवती फिरायचं, जानेवारीत या अंगाला तर जुलैत त्या अंगाला, आणि तेवढ्यानं जवळचे तारे जास्त सरकायचे, लांबचे कमी. त्या सरकण्यावरून प्रत्येक ताऱ्याचं अंतर काढायचं. असे दीड अब्ज तारे. बारकावा असा की चंद्रावर ठेवलेलं रुपयाचं नाणं स्वतःच्या जाडीइतकं हललं तरी इथे कळलं पाहिजे.

ग्रह या कामात जोडीला सापडायचे. ग्रह स्वतः दिसत नाही, तो ताऱ्याच्या उजेडात बुडालेला असतो. पण एखाद्या धिप्पाड बाईनं चिमुरड्या पोरीबरोबर फुगडी धरली तर पोर गरागरा फिरते आणि बाईही जागच्या जागी थोडी डोलतेच. ताऱ्याचा तो डोल मोजला की न दिसणाऱ्या ग्रहाचं वजन सांगता येतं.

आता एवढ्या बारीक कामात माणसाला हवं ते दिसायला लागतं. म्हणून या मंडळींनी एक रीत पाडून घेतली होती. प्रत्येक फेरीला संगणक दोन नावं काढायचा आणि त्या दोघांनाच गुपचूप कळवायचा. त्या दोघांनी यानाकडून आलेल्या मूळ आकड्यांत थोडे खोटे डोल मिसळायचे. बाकीच्यांनी खरं कुठलं, खोटं कुठलं हे न कळता सगळे शोधायचे, सगळ्यांवर शोधनिबंध लिहून तयार ठेवायचे. मग एका ठरल्या दिवशी ते दोघे उभे राहून सांगत, हे हे आमचे. उरलं ते आकाशाचं. कॅन्टीनवाल्या शिवाप्पानं भाकऱ्या थापता थापता हे ऐकलं आणि "म्हंजे पेरणीच की वो ही!" म्हणून मोकळा झाला. तेव्हापासून त्या कामाचं नाव पेरणी पडलं आणि उघड करण्याच्या दिवसाचं मळणी. एका मळणीत एक चांगला दाढीमिशांचा गडी सगळ्यांसमोर रडला होता. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर कामावर आला. रीत कडक होती, पण तिच्यामुळेच जगभरातले लोक जतचा आकडा डोळे मिटून मानत.

यानाचं इंधन संपलं होतं. ही शेवटची फेरी, हा शेवटचा नकाशा. मळणी सोमवारी आणि त्याच आठवड्यात नकाशा जगासाठी खुला. मग सगळे घरी जाऊन झोपणार होते.

या फेरीचे पेरकर होते बंगलोरचे अय्यंगार सर आणि मीनल. अय्यंगार सर गेल्या वर्षी हृदयविकारानं गेले. त्याच सुमारास निरंजनच्या फुप्फुसातली गाठ कळली. निरंजन आणि ती कॉलेजपासूनचे दोस्त. एकाच बाकावर बसून एकमेकांच्या वह्या उतरवलेले. पृथ्वीसारखा ग्रह शोधायचा म्हणून त्यानं या माळावर एकोणीस वर्षं घातली होती आणि त्याच्या हाती लागले होते ते सगळे थंडगार धटिंगण, ताऱ्याला एकेक फेरी मारायला वर्षानुवर्षं लावणारे. आकाशात बाकी सगळं होतं, याला हवं ते नव्हतं.

कुठे काय पेरायचं ते फासे टाकून ठरवायचं असा नियम होता. शिवाय वर्षाच्या आसपासच्या फेऱ्याचं काही पेरायचं नाही असंही पहिल्यापासून ठरलेलं होतं. सगळेच तारे वर्षातून एकदा सरकल्यासारखे दिसतात, त्यात असा डोल मिसळून जातो, शोधणाऱ्याचा नाहक जीव जातो, म्हणून. त्यामुळे असा ग्रह सापडला की तो खराच, असं सगळे धरून चालत. मीनलनं फासे टाकलेच नाहीत. तिनं जवळचा एक सूर्यासारखा तारा निवडला, आणि मित्राला जे हवं होतं ते अगदी त्याच्या मापानं तिथे पेरलं.

यात आणखी एक गोष्ट होती आणि ती आठवली की तिला घास गिळवत नसे. मळणीपर्यंत निरंजन राहणार नाही असं तिनं धरलं होतं. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. चार महिने आनंदात जातील, पुढचं पुढे. पण नवं औषध लागू पडलं आणि निरंजन राहिला. मित्र जगला म्हणून आपली पंचाईत झाली असं वाटणं, यापेक्षा खाली माणूस किती जाणार?

मग तिनं दुसरा बेत केला. अय्यंगार सर गेले, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. सोमवारी उभं राहायचं आणि सांगायचं, सर गेल्यावर मी काही पेरलं नाही. दहा वर्षांनी कुणी मोठी दुर्बीण त्या ताऱ्याकडे वळवेल, ग्रह दिसणार नाही, नोंद खोडली जाईल. दीड अब्जांत एक चूक. तिनं ती स्वतःला माफ करून टाकली होती.

टाळ्या संपल्या. अन्वीनं निबंधाची शेवटची प्रत तिच्या हातात ठेवली. "मॅडम, एकदा नजर टाका. मग मी महिनाभर झोपणार."

मीनल आपल्या खोलीत जाऊन वाचायला बसली. वाचण्यासारखं काय होतं त्यात? आपलीच भाजी आपण चाखायची. पण डोलाच्या आकड्यापाशी तिची नजर अडली. तिनं पेरला होता त्याच्यापेक्षा निरंजनला सापडलेला डोल शंभरामागे बारांनी मोठा होता. आणि पुढे त्यानं छातीठोकपणे लिहिलं होतं की आपली चूक फार तर दोन इकडे, दोन तिकडे.

तिनं अन्वीला बोलावलं. "गणितात कुठे घसरलाय का गं तुम्ही?"

अन्वीचा चेहरा पडला. "मॅडम, सरांनी पुन्हा पुन्हा तपासायला लावलंय. तीन वेगळ्या पद्धतींनी केलं. तोच आकडा येतो. का?"

"काही नाही. सहज विचारलं."

अन्वी गेल्यावर मीनलनं आपला पेरलेला आकडा पुन्हा काढून पाहिला. पेरावं तसं उगवतं म्हणतात. इथे उगवलेलं पेरल्यासारखं नव्हतं, म्हणजे खोट जमिनीतच होती.

आणि जमीन म्हणजे काय, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? यानाच्या दुर्बिणींचं गणित पहिल्यापासून तिच्याकडे होतं. वेधला दोन डोळे होते, एकमेकांशी पक्क्या कोनात जखडलेल्या दोन दुर्बिणी. सगळी मापं त्या कोनाच्या भरवशावर. यान वर्षातून एकदा सूर्याच्या जरा जवळ जायचं, एकदा जरा लांब; त्या उष्णतेनं कोन किंचित हलायचा, आणि तो हललेला हिशेब ते आकड्यांतून वजा करत आले होते. ती वजाबाकी अपुरी पडली होती. थोडी ऊब आकड्यांत शिल्लक राहिली होती आणि ती वर्षाच्या चालीनं चालत होती, म्हणून वर्षाच्या चालीचा डोलही फुगलेला दिसत होता. वर्षाच्या चालीचं काही पेरायचंच नाही असं ठरवून या शहाण्यासुरत्या लोकांनी नेमकं त्याच वाफ्यात एकोणीस वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. ताऱ्यांची अंतरंही वर्षाच्याच सरकण्यावरून काढलेली. म्हणजे सगळीच अंतरं केसभर चुकलेली, आणि लांबच्या ताऱ्यांसाठी केसभर म्हणजे गावभर.

ज्याचं खरं उत्तर कुणालातरी आधीपासून माहीत आहे असा त्या वाफ्यात एकच ग्रह होता. तो खोटा होता म्हणूनच खोट सांगत होता. आणि ती बोलली तरच सांगणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिरजेला गेली. दार निरंजनच्या बायकोनं, कल्याणीनं उघडलं.

"बरं झालं आलात मीनलताई. तुमचीच आठवण काढत होता," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "किती फरक पडलाय बघा. आज स्वतःच्या हातानं दाढी केली. डॉक्टर म्हणतात औषधाचा गुण. मी म्हणते त्या ग्रहाचा. त्याला काय नाव द्यायचं यावरून माझ्याशी भांडतोय, म्हणजे बघा."

 आल्या पावली परत जावं असं मीनलला खरोखर वाटलं. कल्याणी चहा टाकायला आत गेली.

निरंजन खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. "ये मीने. अन्वी म्हणते नुसता आकडा ठेवू. एवढ्या मोठ्या आकाशात याला नाव मिळू नये काय?"

"निरू, मी पेरकर आहे."

"हॅट!" तो हसला. "असं सांगायचं नसतं बाई. मळणीच्या आधी..."

तो थांबला. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं.

"कुठला?" त्यानं विचारलं.

"तुझा."

आत कल्याणी कपबश्या मांडत होती. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. निरंजननं मफलर सैल केला, पुन्हा नीट केला.

"वर्षाच्या आसपासचं पेरायचं नाही असं ठरलंय ना?"

"फासे टाकले नाहीत मी. तुझ्यासाठी पेरला."

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "म्हणजे दया केलीस."

"हो. दयाच. मला वाटलं होतं मळणीपर्यंत तू..."

"नसेन."

"हो."

"अंदाज चुकला की तुझा." तो म्हणाला. "चूक किती इकडे, किती तिकडे धरली होतीस?"

मीनलनं नजर खिडकीबाहेर वळवली.

"आणि एवढं केलंस तर मग गप्प का नाही बसलीस? अय्यंगार गेले. उभं राहून नाही म्हणायचं होतंस. कुणाला कळणार होतं?"

"तेच करणार होते."

"मग आज कशाला आलीस माझ्या घरी?" तो ओरडला, आणि खोकला. कल्याणी दारापर्यंत आली. त्यानं हातानंच तिला परत पाठवलं.

खोकला ओसरल्यावर मीनलनं सांगितलं. "तुझा डोल मी पेरल्यापेक्षा बारा टक्क्यांनी मोठा आलाय."

"शक्य नाही. माझी चूक दोनच्या वर जात नाही."

"माहीत आहे. तुझं गणित बरोबर आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. राग अजून होता, पण त्याच्यामागे दुसरंच काहीतरी चालू झालं होतं. ते चालू होताना तिनं तीस वर्षं पाहिलं होतं. तो बोटानं मांडीवर काहीतरी मोजत होता.

"वर्ष," तो अखेर म्हणाला. "ऊन. कोनाची वजाबाकी."

"हो."

"म्हणजे नुसता माझा ग्रह नाही. सगळा नकाशा?"

"सगळा."

"आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"तुला पहिल्यांदा सांगितलं. सोमवारी सगळ्यांसमोर कळावं असं नको होतं मला."

निरंजननं डोळे मिटले. खुर्चीतला माणूस एकदम लहान दिसायला लागला. "तूच दिलास आणि तूच काढून घेतलास. दिला नसतास तरी चाललं असतं गं. मी सवय करून घेतली होती." मग म्हणाला, "जा आता. मला कल्याणीला सांगायचंय, आणि तू समोर असलीस तर ते जमणार नाही."

ती चहा न घेता निघाली. कल्याणीनं जिन्यावरून हाक मारली, पण तिला मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही.

सोमवारी मळणी झाली. मीनलनं उभं राहून सगळं सांगितलं: फासे टाकले नाहीत हे, कुणासाठी पेरलं हे, गप्प बसणार होते हे, आणि शेवटी तो बारा टक्क्यांचा आकडा. तिला वाटलं होतं लोक चिडतील, अंगावर येतील. पण चिडायलाही अंगात रग लागते. पडद्यांवरून देशोदेशींचे सहकारी बघत होते. त्यातल्या एकानं चष्मा काढून नुसतेच डोळे चोळले.

"किती काळ लागेल?" कुणीतरी विचारलं.

"दोन वर्षं. सगळे आकडे पहिल्यापासून."

अन्वीनं टेबलावर डोकं ठेवलं. "मॅडम, मी पुढच्या महिन्यात दुसरीकडे रुजू होणार होते," ती तशीच टेबलाला उद्देशून म्हणाली. त्यात तक्रारही नव्हती. थोड्या वेळानं तिनं डोकं वर केलं, फोन काढला आणि बाहेर जाऊन तिकडे नकार कळवून आली.

संचालक तळेकर प्रकाशनाच्या निमंत्रणपत्रिका छापून बसले होते. त्यांनी मीनलला खोलीत बोलावलं. "तुम्हाला खरं म्हणजे काढून टाकायला पाहिजे," ते म्हणाले. "पण काढलं तर त्या कोनाचं काम कोण करणार? निम्मे लोक निघालेत. तेव्हा शिक्षा म्हणून इथेच थांबा."

मीनल थांबली. नवरा पुण्यात, ती जतला, शनिवार-रविवारचा संसार. यंदा तो संपेल असं तिनं त्याला कबूल केलं होतं. "असू दे," एवढंच तो फोनवर म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढे काही आठवडे कामाला वेग येईना. एका पेरलेल्या ग्रहावरून खोट आहे हे कळलं होतं. ती नेमकी किती, कुठल्या भागात कमी, कुठल्या भागात जास्त, हे कळत नव्हतं. मिरजेहून काही निरोप नव्हता. ती रोज फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. कुठल्या तोंडानं करणार?

एके दिवशी सकाळी कल्याणीचाच फोन आला.

"मीनलताई, माझा राग अजून गेलेला नाही," ती सरळच म्हणाली. "तुम्ही गेल्यावर तो चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. पण आता ऐकतच नाही माझं. बोला त्याच्याशी."

फोनमध्ये खरखर झाली. निरंजनचा आवाज फार बारीक आला.

"मीने, एका दाण्यावरून पिकाचा अंदाज करताय काय रे तुम्ही? पाचशे पेर. सगळे वर्षाच्या आसपासचे. लहान, मोठे, आकाशभर. मी शोधतो. कुठला किती वाकडा उगवतो ते कळलं की वाक काढता येईल."

"निरू, तुझी तब्येत..."

"मग काय करू? पंखा बघत पडू? अन्वीला आकडे पाठवायला सांग. इथे पडल्या पडल्या होतं काम."

मीनलनं समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "सगळं शोधून मळणी व्हायला दोन वर्षं जातील रे."

पलीकडे कल्याणी काहीतरी म्हणाली, तो तिला "हो, घेतो" म्हणाला.

"माझे अंदाज बांधायचं बंद कर तू," मग तो म्हणाला. "तुला ते जमत नाही. आणि या वेळी फासे टाक. दया नको."

"टाकते."

"पाचशे शोधताना एखादा तू न पेरलेलाही निघेल, खराखुरा. काय सांगावं?"

"निघेल की."

"मला दोन्ही सारखेच दिसले पाहिजेत. म्हणून सांगतो, कुठला खोटा ते मळणीआधी मला सांगायला यायचं नाही. मी मरायला टेकलो तरी यायचं नाही. कळलं?"

"नाही येणार," मीनल म्हणाली. हे गुपित त्याच्यापासून पोटात सांभाळायला आपल्याला पुरती दोन वर्षं मिळोत, एवढंच तिला त्या क्षणी हवं होतं.